तान्ह्या मुलांचे श्वसनविकार व प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आपल्या मासिक परिषदेत आपण पटनोंदणी, उपस्थिती, वाचन-लेखनातील प्रगती या विषयांचा नेहमी ऊहापोह करतो. आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे, त्याचे नाव आपल्यापैकी कोणाच्याही हजेरीपटावर नाही. ते अजून पाळण्यात आहे, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर आहे. सहा वर्षांनी ते आपल्या शाळेच्या पायरीशी येणार आहे. ते तेथवर सुखरूप पोहोचावे यासाठी शाळेला आजच काही करता येईल काय, हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथमच स्पष्ट करतो की मी वैद्य नव्हे. मी आपल्यासारखाच प्रशिक्षित शिक्षक आहे. औषध सांगणे हा माझा अधिकार नाही आणि आपलाही नाही. परंतु पाहणे, मोजणे आणि समजावून सांगणे ही तीन कामे शिक्षकाच्या व्यवसायातीलच आहेत. योगायोग असा की ज्या दुखण्याविषयी मी सांगणार आहे, त्यात मुलाचा जीव पुष्कळदा याच तीन गोष्टींवर अवलंबून असतो.

दुखण्याचे स्वरूप

सर्दी, पडसे, खोकला हे शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यांत काही भय आहे असे कोणास वाटत नाही. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते बहुधा खरेही आहे. परंतु ज्या विषाणूमुळे पहिलीतल्या मुलाचे नाक चार दिवस वाहते, तोच विषाणू दोन महिन्यांच्या बालकाच्या छातीत उतरला म्हणजे त्याचा श्वास कोंडतो. विषाणू एकच, फरक आहे तो शरीराच्या वयाचा.

असे विषाणू अनेक आहेत. इन्फ्लुएन्झाचा विषाणू, ॲडिनो विषाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू हे त्यांपैकी काही. परंतु तान्ह्या मुलांच्या बाबतीत सर्वांत उपद्रवी ठरलेला विषाणू म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, संक्षेपाने आर. एस. व्ही. हा विषाणू पेशींना एकमेकींत मिसळवून त्यांचा एक मोठा गोळा बनवितो, म्हणून हे नाव. १९५६ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतील चिंपांझी वानरांना सर्दी झाली असता तो प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना तो बाल्टिमोर शहरातील आजारी अर्भकांमध्ये आढळला. वानरांचा म्हणून ओळखला गेलेला विषाणू वस्तुतः माणसाच्या घराघरांतला निघाला. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो आणि पुढेही आयुष्यभर पुनःपुन्हा गाठत राहतो.

यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. बहुसंख्य मुले घरीच, आईच्या मांडीवर बरी होतात. अमेरिकेत सहा महिन्यांखालील १०० अर्भकांमागे सुमारे २ ते ३ अर्भकांना या विषाणूमुळे दरवर्षी रुग्णालयात ठेवावे लागते. म्हणजे इतरांवर तो प्रसंग येत नाही. परंतु सर्व जगाचा हिशेब केला म्हणजे या दोन-तीनांचा आकडा केवढा होतो पाहा. २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांमध्ये या एका विषाणूमुळे फुप्फुसाच्या दुखण्याचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग घडले, सुमारे ३६ लाख मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि सुमारे १ लाख मुले दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतील होती, आणि शंभरातील सत्त्याण्णवांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडले.

याच हिशेबातील आणखी एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या १ लाखांपैकी रुग्णालयात मरण पावलेली मुले सुमारे २६ हजार होती. उरलेली सारी रुग्णालयाबाहेर गेली. दुखणे ओळखले गेले नाही, किंवा ओळखले तेव्हा उशीर झाला होता, किंवा नेण्याचे साधन नव्हते. यांपैकी पहिल्या कारणाशी आपला संबंध आहे.

लहान मुलालाच हे दुखणे जड का जाते?

याचे उत्तर आपल्या गणिताच्या तासात सापडते. समजा, मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेचा एक भाग ८ मिलिमीटर रुंद आहे आणि अर्भकाचा तोच भाग ४ मिलिमीटर आहे. दोघांनाही सारखीच सर्दी होऊन आतून चोहोबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली. मोठ्या माणसाची वाट ८ वरून ६ वर आली. हवेला निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहिली. अर्भकाची वाट ४ वरून २ वर आली. जागा चौथाईच उरली.

एवढ्यावरच भागत नाही. नळीतून वाहणाऱ्या पदार्थाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास मांडला. त्या नियमाने मोठ्या माणसाचा अडथळा सुमारे तिपटीने वाढतो, तर अर्भकाचा सोळा पटींनी. शिवाय आर. एस. व्ही. हा विषाणू याहून कितीतरी बारीक अशा श्वासनलिकांच्या टोकांशी जाऊन बसतो. तेथे सूज, चिकट स्राव आणि मेलेल्या पेशींचा गाळ साचला म्हणजे वाट बुजते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

आपणांस हे अनुभवावयाचे असेल तर भोपळ्याच्या पानाचा पोकळ देठ घ्या. नाक चिमटीत धरून त्यातून पाच-सहा श्वास घ्या. नंतर गव्हाचा बारीक काड घेऊन तसेच करा. काडातून श्वास घेताना छाती कशी ओढली जाते, खांदे कसे उचलले जातात, ते एका मिनिटात कळते. आपण काड टाकून देऊ शकतो. अर्भकाला ते करता येत नाही.

आणखीही कारणे आहेत. तान्हे मूल मुख्यतः नाकाने श्वास घेते आणि त्याला नाक शिंकरता येत नाही. नाक चोंदले की दूध पिणे कठीण होते. त्याच्या बरगड्या आडव्या व मऊ असतात, त्यामुळे श्वासाचे सारे ओझे पोटाच्या वरील पडद्यावर पडते आणि तो पडदा लवकर थकतो. रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्याला आईकडून गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मिळतात. जे मूल दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मले, त्याची ही शिदोरी अपुरी राहते. आणि वेळेवर जन्मलेल्याचीही पहिल्या काही महिन्यांत सरत जाते. म्हणून दिवस न भरलेली, कमी वजनाची, दोन-तीन महिन्यांच्या आतली आणि हृदयाचा जन्मजात दोष असलेली मुले अधिक जपावी लागतात. चुलीच्या धुराने भरलेले घर व घरातील विडी यांची त्यात भर पडते. याउलट पहिले सहा महिने केवळ आईचे दूध मिळालेल्या मुलाजवळ संरक्षण अधिक असते.

हे दुखणे पाळण्यापर्यंत कसे पोहोचते?

आता आपल्या विषयाच्या मर्माशी आलो. तान्हे मूल बाजारात जात नाही, जत्रेला जात नाही, एस. टी.त बसत नाही. मग विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा?

अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कॅरोलिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक साधा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. या विषाणूने आजारी असलेल्या अर्भकांजवळ त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट ठेवले. पहिल्या गटाने बाळाला कडेवर घेतले, भरविले, त्याचे सारे केले. दुसऱ्या गटाने बाळ खोलीत नसताना तेथील वस्तूंना हात लावले आणि मग तेच हात स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावले. तिसरा गट काही अंतरावर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातील ७ पैकी ५ जणांना आणि दुसऱ्यातील १० पैकी ४ जणांना संसर्ग झाला. नुसते बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही झाला नाही. खोकला-शिंकेचे थेंब जवळून अंगावर उडाले तर विषाणू पसरतोच. पण हाताची वाट किती मोठी आहे, हे या प्रयोगाने दाखविले. फळी, भांडे, खेळणे अशा कठीण वस्तूंवर हा विषाणू काही तास टिकून राहतो.

हे हात घरात कोणाचे येतात? आफ्रिकेतील केनिया देशात किलिफी या ग्रामीण भागात २००९-१० च्या सुमारास संशोधकांनी काही कुटुंबांतील सर्व माणसांची अनेक महिने नियमित तपासणी केली. ज्या अर्भकांना हा विषाणू लागला, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास अर्भकांना तो घरातल्याच माणसाकडून आला होता. आणि आणणाऱ्यांत मोठी भावंडे, विशेषतः शाळेत जाणारी, पुढे होती. केनियातील त्या खेड्याचे चित्र आपल्या खेड्याहून फार निराळे नाही. एक-दोन खोल्या, एकच अंथरूण, आई शेतावर, आणि शाळा सुटली की बाळ मोठ्या बहिणीच्या हाती.

कोविडच्या साथीने याची उलट बाजूही दाखविली. माणसांचे मिसळणे थांबल्यामुळे २०२० च्या हिवाळ्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात हा विषाणू जवळजवळ दिसेनासा झाला. आणि निर्बंध सैल होताच त्याच वर्षाच्या अखेरीस, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, त्याची मोठी साथ आली. माणसे भेटली की तो भेटतो. आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरची थंडी हा श्वसनविकारांचा मुख्य काळ असतो; आणि शाळा उघडतात त्याही पावसाळ्याच्या तोंडावरच.

यावरून शाळा हेच रोगाचे घर आहे असा अर्थ कोणी काढू नये. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे यावयाचेच. शेंबूड दिसला की मुलाला घरी पाठवावे, असे मी म्हटले तर श्रावणात एकही वर्ग भरणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की वर्गात नाक पुसणाऱ्या त्या सहा वर्षांच्या मुलाच्या मागे घरी एक पाळणा असू शकतो, हे शिक्षकाच्या ध्यानात असावे.

मोजता येणारे लक्षण

दुखणे साधे आहे की जड, हे ओळखावे कसे? पूर्वी छातीला नळी लावणाऱ्या वैद्याखेरीज ते कोणास कळणार नाही अशी समजूत होती. १९८० च्या सुमारास पापुआ न्यू गिनी या डोंगराळ देशात काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शान यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की श्वासांची गती आणि छाती आत ओढली जाणे या डोळ्यांनी दिसणाऱ्या दोन खुणांवरून मुलाला न्यूमोनिया असल्याचा संशय पुष्कळ अंशी खात्रीने घेता येतो. त्याच पायावर जागतिक आरोग्य संघटनेने नियम बसविले आणि आज आपल्या आशा कार्यकर्त्यांना तेच शिकविले जातात.

हे आकडे आपण सर्वांनी पाठ करावेत. २ महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि १ वर्षापासून ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर ती धोक्याची सूचना समजावी. साठ, पन्नास, चाळीस.

मोजण्याची रीत अशी. मूल शांत असावे. रडत किंवा दूध पीत नसावे. अंगावरचा कपडा वर करून पोट व छाती उघडी करावी. सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा मोबाइल समोर धरून पोट वर उचलले की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये. तान्ह्याचा श्वास मुळातच कमी-अधिक होत असतो. दोन महिन्यांखालील मुलाचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा मोजावा.

आकड्याखेरीज पुढील खुणा दिसल्या तर मोजीत बसण्याचेही कारण नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध ओढता न येणे किंवा नेहमीच्या निम्म्याहून कमी पिणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, नाकपुड्या फुलणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, मूल मलूल होऊन न उठणे, झटके येणे, श्वास मध्येच काही क्षण थांबणे. अगदी कोवळ्या मुलांत श्वास थांबणे ही एकमेव खूण असू शकते. खोकला असेलच असे नाही. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. तेथे मुलाला मुख्यतः प्राणवायू आणि पोटात जाणारे अन्नपाणी यांचा आधार द्यावा लागतो. आर. एस. व्ही.च्या दुखण्यात तिसरा ते पाचवा दिवस बहुधा सर्वांत कठीण असतो. म्हणून पहिल्या दिवशी बरे दिसले तरी पुढचे काही दिवस नजर ठेवावी.

आपल्या आयाबायांना यातले काहीच ठाऊक नाही, असे समजू नका. त्यांच्या भाषेत या खुणांना नावे आहेत. कोणी म्हणते बाळाचे पोट उडते, कोणी म्हणते डबा झाला, विदर्भात कोठे म्हणतात लहाक लागली. निरीक्षण अचूक आहे. उणीव आहे ती त्या निरीक्षणानंतर कोणती वाट धरावी याची.

गडचिरोलीचा दाखला

ही उणीव भरून काढता येते, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखविले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ५८ गावांत एक प्रयोग केला. गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे आणि ठराविक औषध देण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी ४४ गावे निवडली. या प्रयोगाचा वृत्तान्त १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्ण मुलांवर उपचार झाले आणि त्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १ हूनही कमी होते; तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत ते शेकडा १३ हून अधिक होते. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू प्रयोगाच्या गावांत निम्म्याहूनही कमी भरले.

त्या सुइणींपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. मोठे आकडे मोजणे त्यांना जड जाई. तेव्हा एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे श्वास मोजण्याचे एक साधन तयार करण्यात आले. शिक्षकांनी या गोष्टीचा विचार करावा. ज्यांना आपण निरक्षर म्हणतो, त्यांनी मण्यांवर मोजून मुले वाचविली. आणि आपण दरवर्षी पहिली-दुसरीच्या वर्गांना शंभरपर्यंत मोजावयास शिकवितो. ते मोजणे कशासाठी आहे, हे मात्र क्वचितच सांगतो.

येथे एक शंका येईल. विषाणूवर जंतुनाशक औषधे चालत नाहीत, मग गडचिरोलीत औषधाने मुले कशी वाचली? याचे उत्तर असे की न्यूमोनिया विषाणूने होतो तसा जिवाणूनेही होतो, आणि विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसात पुष्कळदा जिवाणू मागाहून शिरतो. बाहेरून पाहून दोहोंतला भेद करता येत नाही. म्हणून ज्याचे श्वास जलद आहेत त्याला प्रशिक्षित माणसाकडे नेणे हाच सरळ मार्ग. आणि ज्याला नुसते पडसे आहे, त्याला घरात उरलेल्या गोळीचा तुकडा देणे हा मात्र अपाय.

काय करू नये

तान्ह्या मुलाला खोकल्याचे बाटलीतले औषध देऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशा औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन २० हून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. केंद्रीय आरोग्य खात्याने त्या वेळी पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. औषध निर्दोष असले तरी तान्ह्याच्या खोकल्याला त्याचा उपयोग नसतो.

पोट उडते म्हणून पोटावर डाग देण्याची चाल काही ठिकाणी अद्याप ऐकू येते. त्या भाजण्याने श्वासाची वाट मोकळी होत नाही; वेदना वाढते आणि दवाखान्याची वेळ निघून जाते. नाकात तेल ओतणे, धुरी देणे, दूध बंद करणे हेही टाळावे. बाळाला ऊब द्यावी, आईचे दूध थोडे थोडे पण वारंवार पाजावे, नाक मऊ ओल्या कापडाने स्वच्छ ठेवावे. घरगुती उपाय एवढेच.

शिक्षकाने काय करावे

आपल्यावर पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहितीचे तक्ते यांचा भार आहे, हे मी जाणतो. त्यात आणखी एका तक्त्याची भर मी घालीत नाही. मी सांगतो ती कामे चालू कामातच बसणारी आहेत.

पहिले, हात. भोजनापूर्वी साबणाने हात धुणे आपण करवून घेतोच. शाळेतून घरी गेल्यावर बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुवावयाचे, ही सवय त्यास जोडून द्यावी. खोकताना तोंडावर बाही किंवा रुमाल धरावा. पडसे असताना बाळाचा मुका घेऊ नये.

दुसरे, श्वासांचा पाठ. तिसरी-चौथीच्या वर्गात मुलांनी स्वतःचे श्वास एक मिनिट मोजावेत, फळ्यावर मांडावेत, सरासरी काढावी. आणि त्याच फळ्यावर साठ, पन्नास, चाळीस हे आकडे लिहावेत. दहा वर्षांच्या मुलीने रोगाचे निदान करावे, अशी अपेक्षा नाही. परंतु संध्याकाळी शेतावरून आलेल्या आईला ‘बाळाचे पोट आज फार भराभर उडते आहे’ एवढे ती सांगू शकेल. पुष्कळदा तेवढेच पुरे होते.

तिसरे, गैरहजेरीचे कारण. बाळ आजारी म्हणून घरी राहिले, असे एखाद्या मुलीने सांगितले तर ‘खाडा का केलास?’ म्हणून रागावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: बाळ दूध नीट पिते का? त्याचे पोट उडते का? उत्तर शंकास्पद आले तर तत्काळ आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना कळवावे. शंभर टक्के उपस्थितीचा आग्रह योग्य आहे. परंतु ताप-खोकल्याने फणफणलेल्या मुलाला केवळ बक्षिसासाठी वर्गात बसविणे योग्य नाही.

चौथे, पालकसभा. पावसाळ्यापूर्वीच्या सभेत आशाताईंना बोलावून श्वास मोजून दाखविण्यास सांगावे. शासनाची न्यूमोनियाविरुद्धची ‘सांस’ मोहीम २०१९ पासून आहे व ती दरवर्षी १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात राबविली जाते. त्या वेळी शाळेचा फळा व शाळेची प्रार्थनासभा त्यांना खुली असावी. लसींचीही आठवण द्यावी. पंचगुणी लस ६, १० व १४ आठवड्यांना देतात. न्यूमोकॉकल लस ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना देतात. २०२१ पासून ती देशभर मोफत मिळते. या लसी आर. एस. व्ही.वर चालत नाहीत, पण त्याच्यामागून येणाऱ्या जिवाणूंपैकी काहींना अटकाव करतात. गोवर-रुबेलाची लसही चुकवू नये, कारण गोवराच्या मागूनही न्यूमोनिया येतो.

आर. एस. व्ही.वरील लसीची कथा मोठी आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत झालेली पहिली चाचणी उलटली. लस टोचलेल्या अर्भकांचे दुखणे अधिक बळावले आणि दोघे दगावले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञ चिकाटीने झटले, आणि २०२३ पासून काही देशांत गरोदर मातेस द्यावयाची लस व अर्भकास द्यावयाचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शन उपलब्ध झाले आहे. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती यावयाची आहेत. तोवर आपल्या खेड्यातील बाळाचे रक्षण स्वच्छ हात, जागरूक डोळे आणि वेळेवर निघालेले वाहन यांवरच आहे.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हे सारे शिकविताना कोणत्याही मुलाच्या मनात अपराधाची भावना शिरू देऊ नका. ‘तुझ्यामुळे बाळ आजारी पडले’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही निघता कामा नये. विषाणू सर्वांच्याच हातून जातो. तो शिक्षकाकडून मुलाकडेही जातो. एखाद्या घरी दुर्दैवाने बाळ दगावले असेल तर त्या घरच्या मुलासमोर हा पाठ घेताना शब्द जपून वापरावेत, आणि जरूर तर तो पाठ त्या महिन्यात घेऊच नये. मुलाला सांगावयाचे ते असे की, तू मोठा आहेस. तुझ्या हातांनी बाळाला जपता येते आणि तुला मोजता येते. भीतीने शिकलेले मूल बाळापासून दूर पळेल; विश्वासाने शिकलेले मूल त्याच्याजवळ बसून राहील व वेळ आली म्हणजे हाक मारील.

बंधुभगिनींनो, आपल्या शाळेच्या पटावरची संख्या वाढावी म्हणून आपण दर जूनमध्ये घरोघर फिरतो. या वर्षी फिरताना ओसरीवरच्या पाळण्याकडेही एकदा पाहून घ्या, आणि त्या घरच्या मोठ्या मुलीला विचारा की बाळाचे श्वास कसे मोजावयाचे ते तुला ठाऊक आहे काय. तिला ठाऊक नसेल तर तेथेच ओसरीवर बसून एक मिनिट मोजून दाखवा. पुढील परिषदेत आपण किती शाळांनी हा पाठ घेतला याची नोंद करू, आणि ज्यांना अडचणी आल्या त्यांचे अनुभव प्रथम ऐकू.